ट्यूबावाल्याच्या गळ्यात पडलेला फास

अमरिलो, टेक्सास
सप्टेंबर १९११

ती. लोव्हिनाताईस,

धाकट्या एमेटचा तंबूतून, घोड्यांच्या वासासकट नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? व्हर्जिलभावोजींच्या मक्याला पाऊस मिळाला का? माझं नाव निघालं की बाबा अजून उठून गोठ्यात जातात का? (गुरं सोडून तमाशात गेलेला तो मुलगाच नव्हे, हे त्यांचं मत मला पाठ आहे.) मी मजेत आहे, म्हणजे मुळीच नाही.

पेपरातलं कात्रण कुणीतरी दाखवलंच असेल तुला. ‘टेक्सासचा सर्वांत हास्यास्पद माणूस’ असं माझ्याबद्दल छापलंय, आणि तो म्हणे गौरव. ताई, मी हिमवादळात कळप राखले, पुरातून गुरं पार केली, माजलेले बैल धावत्या घोड्यावरून फास टाकून आडवे केले. तेव्हा टाळी वाजवायला होतं कोण? बैल. प्लंकेटसाहेबांच्या गुराखी-कसरतींच्या फिरत्या खेळात (आमचे मालक, यांनी गाय फक्त ताटात पाहिली आहे) मी दोराची कामं अगदी गंभीरपणे करायचो आणि लोक जांभया द्यायचे. एका दुपारी वासरू ऐन वेळी वळलं आणि माझा फास पडला बँडमधल्या ड्रेमेल नावाच्या जाडजूड जर्मन ट्यूबावाल्यावर. माझा घोडा शिकलेला. फास बसला की मागे सरून दोर ताणायचा, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं ते चोख केलं. ड्रेमेल त्या भल्या थोरल्या पितळी भोंग्यासकट रिंगणात आला, आणि येताना त्यानं सूर सोडला नाही. त्याला सोडवायला मी उडी मारली, तर दोरात पाय अडकून तोंडावर आपटलो. उठून मी माफी मागितली. म्हणालो, “मंडळी, आमच्याकडची गुरं एवढा आवाज करत नाहीत.” खरं तेच बोललो. हशानं तंबू फाटायचा बाकी राहिला.

“एमेट, उद्यापासून वासरू रद्द,” प्लंकेटसाहेब म्हणाले. “ट्यूबावालाच धर.”

“अहो, ती चूक होती.”

“मग रोज तीच कर. जरा नीट कर.”

ड्रेमेलला तरी लाज वाटावी? तो सकाळी येऊन मलाच सुनावतो, “काल फार हळू ओढलंस. माझ्या कलेची काही कदर आहे की नाही?”

काल कहर झाला. आपले हॅस्केल मुकादम, ज्यांच्या हाताखाली माझी उमेदीची वर्षं गेली आणि ज्यांचे दात आजवर कुणी पाहिले नाहीत, ते पहिल्या रांगेत. ठरवलं, आज पडायचं नाही. हट्टानं वासरू आणवलं आणि एका झटक्यात धरलं. इतकं देखणं काम मी जन्मात केलं नव्हतं. तंबू गप्प. मागून एक जण ओरडला, “अरे, तो जाड्या कुठाय?” आणि ड्रेमेल, तो फितूर, आपणहून उठून ट्यूबा वाजवत माझ्यासमोरून पळू लागला. घोड्याला राहवलं नाही. (मलाही नाही, पण ते असो.) फास त्याच्यावर आणि मी पुन्हा तोंडावर.

खेळानंतर मुकादम रुमालानं डोळे पुसत आत आले. “वासरू छान धरलंस,” म्हणाले. माझी छाती फुगली. “पण वासरू आपल्याकडे कुणीही धरतं. म्हातारी गेल्यापासून मी हसलो नव्हतो रे.” आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. इतकी वर्षं थंडीत बोटं गोठवली तेव्हा शब्द नाही, आणि तोंडावर पडल्याबद्दल हा मान. तेव्हापासून धुमसतो आहे. पुरे झालं. हंगाम संपला की मी पुन्हा गुरांकडे जाणार, सगळ्यांना सांगून टाक.

तुझा अपमानित भाऊ,
एमेट

ता. क. मुकादमांनी तिथल्या तिथे मला कामावर परत बोलावलं. विचार करून सांगतो म्हणालो, आणि आज सकाळी प्लंकेटसाहेबांच्या पुढच्या वर्षाच्या करारावर सही केली. ड्रेमेल एकटा पडला असता.

आणखी ता. क. शनिवारी आम्ही तुमच्या क्लॅरेंडनला येतोय. बाबांना घेऊन ये. बैलबाजार आहे म्हण, काहीही थाप मार, पण बँडच्या बाजूला बसव. ते हसले नाहीत तर मला कळवू नकोस. हसले तरी कळवू नकोस. आई होती तेव्हा मी त्यांचं हसणं ऐकलंय, कितीही गलका असला तरी ओळखेन.