मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी

टी.व्ही. सेंटर, औरंगाबाद
ऑगस्ट २०२०

मराठवाड्यातल्या घराघरांत खुर्चीसकट खिडकीकडे सरकवून ठेवलेल्या तमाम ज्येष्ठ बंधूंनो आणि भगिनींनो!

(हे पत्र पाचोडात तू एकटाच वाचणार आहेस हे मला ठाऊक आहे, शौकत. पण श्रोत्यांना हाक घातल्याशिवाय माझी लेखणी हलत नाही, आणि ही सवय तूच जवळून पाहिली आहेस.) आपलं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे. या रोगानं आपला श्वास हिरावण्याआधी आपला श्रोता हिरावला. पाच महिने झाले, घरची माणसं दाराआडून तीनच प्रश्न विचारतात: गोळी घेतली का, हात धुतले का, आणि आता कुठं निघालात? 'बरं, मग पुढं काय झालं?' हा चौथा प्रश्न विचारणारं माणूस शिल्लक नाही.

असो. शौकतभाईंस बद्रीनाथचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही लेखी. तोंडी काहीही नाही. आपला अबोला फेब्रुवारीपासून चालू आहे आणि मी तत्त्वाचा माणूस असल्यामुळं तो मोडणार नाही. मात्र अबोला तोंडाचा असतो, बोटांचा नसतो, असा ठराव मी काल (माझ्याच अध्यक्षतेखाली, एकमतानं) मंजूर केला. तुझी साखर कशी आहे? गुडघा काय म्हणतो? हे पत्र मोसंबीच्या टेम्पोवाल्याजवळ देतोय. तो प्रत्येक वस्तूवर सॅनिटायझर फवारतो, त्यामुळं शेवटच्या ओळी फिकट होण्याची शक्यता आहे. म्हणजे महत्त्वाचं आधी लिहायला हवं. पण ते मला जन्मात कधी जमलेलं नाही.

आधी फेब्रुवारीचा प्रकार नोंदवून ठेवतो, कारण तुझी आठवण सोयीस्कर आहे. तीस वर्षं मी या शहरात बोललो आणि तीस वर्षं तू मंचाच्या कडेला लोखंडी पेटीवर बसून माझा माइक सांभाळलास. वादळ झालं, मांडव उडाला, एकदा बैल सभेत शिरला. तुझी वायर कधी गेली नाही. आणि वाचनालयाच्या वर्धापनदिनी, भाषणाच्या बरोबर सत्तराव्या मिनिटाला, "आता मी मूळ विषयाकडे वळतो" असं मी म्हणालो आणि माइक मेला. तू म्हणालास, वायर गेली. वायर! लोक टाळ्या वाजवत जेवायला उठले. (टाळ्या मला होत्या की वायरला, यावर वाचनालयात दोन तट आहेत.) मी चारचौघांत म्हणालो, या माणसाचं तोंड पुन्हा बघणार नाही. महिन्याभरात सरकारनं सगळ्यांचीच तोंडं झाकली, त्यामुळं माझ्या प्रतिज्ञेचं तेज गेलं ते गेलंच.

मग एप्रिलात तुझ्या सुनेचा फोन. तिच्या शाळेतल्या शिक्षकांनी एकाकी ज्येष्ठांना रोज फोन करायचा उपक्रम काढला होता आणि फहमिदाच्या वाट्याला मी आलो. (तुझ्याशी अबोला आहे, तुझ्या सुनेनं माझं काय बिघडवलंय?) "काका, सलाम. तब्येत कैसी है? जेवलात ना?" मी म्हणालो, "बेटा, एकाकी लोकांच्या यादीत माझं नाव कुणी घातलं?" म्हणाली, "कुणीतरी दिलं, काका." मी खवळलो. माझ्या घरात चार हजार पुस्तकं आहेत, ग्रीकांपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळी माणसं माझ्या भिंतीला टेकून उभी आहेत, मी एकाकी कसा? ती शांतपणे म्हणाली, "पण काका, ती तुमचं कुठं ऐकतात?" सत्तर वर्षांत माझा मुद्दा एका वाक्यात खोडून काढणारी ही पहिली व्यक्ती. शिकवते कोणता विषय, ते विचारायचं राहिलं.

तेव्हापासून रोज पाचला तिचा फोन येतो. पोरगी मध्ये अवाक्षर बोलत नाही, असा श्रोता मला भर सभेत मिळाला नाही. एकच दोष. अकराव्या मिनिटाला पाचोडची रेंज जाते. रोज. दुसऱ्या दिवशी ती बिचारी माफी मागते.

यादीतला म्हणून बसून राहणं माझ्या स्वभावात नाही. मलाही माणसं द्या, मीही फोन करतो, असं मी ठणकावलं. फहमिदानं दोन नंबर दिले. पहिले लासूर स्टेशनचे आप्पासाहेब, जुने आडत व्यापारी. त्यांच्यापुढं मी चाळीस मिनिटं मानवी एकाकीपणाचा इतिहास मांडला. ते थोड्या थोड्या वेळानं गंभीरपणे "हं" म्हणत होते. असा मर्मज्ञ आजवर लपला कुठं होता, असं मनात आलं. चौथ्या दिवशी त्यांच्या सुनेनं फोन घेतला आणि सांगितलं की मामांची झोप आता लई सुधारली आहे.

दुसऱ्या द्वारकाबाई. बजाजनगरात राहतात, लेक आणि सून कंपनीत, दिवसभर घरात एकट्या. त्या माझा फोन फडताळावर उभा करून स्वयंपाकाला लागतात. "चालू द्या भाऊ," म्हणाल्या, "घरात कुणी बोलत असलं की बरं वाटतं. फकस्त मला काही इचारू नका, शेंगा करपत्यात."

तरीही मी हरलो नाही. मी दोघांना एकाच फोनवर जोडलं आणि 'संकटकाळातील संवाद' या विषयावर प्रास्ताविक सुरू केलं. दुसऱ्याच वाक्याला आप्पासाहेब जागे झाले. "बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"लासूरच्याच की. स्टेशनमागं आमची गिरणी व्हती."

"आं? म्हंजे तू गिरणीवाल्यांची द्वारकी व्हय?"

संपलं, शौकत. पुढचा तासभर कोण गेलं, कोण राहिलं, कुणाच्या म्हशीनं कुणाची वैरण खाल्ली आणि त्यावरून कोणती सोयरीक मोडली, हेच. मी तीनदा "मित्रहो" म्हणालो. द्वारकाबाई म्हणाल्या, "भाऊ, जरा दम धरा." मी तत्त्वासाठी फोन ठेवून दिला. मिनिटभरात त्यांचा उलटा फोन: "तुम्ही ठेवला की आमचंबी तुटतं, भाऊ. तुम्ही बोलू नका. नुसतं धरून बसा."

तर आता रोज चार ते पाच मी नुसता धरून बसतो. ज्या माणसानं गुलमंडीच्या भर चौकात पोलिसांदेखत दोन तास भाषण ठोकलं, तो माणूस तोंड मिटून दोन म्हाताऱ्यांच्या मधली वायर झाला आहे. ती दोघं हसतात तेव्हा मी श्वाससुद्धा सांभाळून घेतो, लाइन खरखरू नये म्हणून. काल असाच बसलो असताना ती लोखंडी पेटी आठवली. तीस वर्षं त्या पेटीवर बसून तुला काय वाटत असेल, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला मी बोलायचा थांबायला हवं होतं.

असो. गुडघ्याला जप. मोसंबी पाठवू नकोस, इथं मिळते. (पाठवलीस तर परत करणार नाही.) अबोला कायम आहे.

तुझा, केवळ लेखी,
बद्रीनाथ

ता.क. रविवारी मी एक प्रयोग केला. फहमिदाचा फोन आला, मी कढीच्या फोडणीबद्दल बोलत होतो, आणि एरवी अकराव्या मिनिटाला म्हणतो ते वाक्य चौथ्याच मिनिटाला कारण नसताना म्हणालो, "आता मी मूळ विषयाकडे वळतो." रेंज गेली. शौकत, पाचोडच्या टॉवरला माझं ते वाक्य ओळखता येत नाही. ते ओळखणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे. चार महिने तो सुनेच्या फोनशेजारी बसून, बटणावर बोट ठेवून, रोज अकरा मिनिटं मला ऐकतो आहे. यादीत माझं नाव कुणी घातलं, हेही आता विचारायची गरज उरली नाही.

ता.क. २. आणि हे टेम्पोवाल्याच्या फवाऱ्यातून वाचलं तर नीट वाच. फेब्रुवारीतली ती सत्तर मिनिटं प्रस्तावना होती. मूळ विषय तू होतास. माइक-लाउडस्पीकरचं दुकान बंद करून तू कायमचा पाचोडला लेकाकडं निघाला होतास, म्हणून वाचनालयानं तुझा सत्कार ठरवला होता आणि तुला कळू दिलं नव्हतं. शाल माझ्या कपाटात आहे, डांबराच्या गोळ्यांसकट. स्वतःच्या सत्काराची वायर स्वतःच उपटणारा तू पहिलाच. तेव्हा उद्या पाच वाजता फोन फहमिदानं नाही, तू लाव. मी ते वाक्य म्हणेन, आणि त्यानंतर फक्त दोन मिनिटं बटणावरचं बोट उचलून धर.