एक्क्याचा शोध

सोमवार, ३ फेब्रुवारी. दुपारी १२.४०
आजपासून रोजनिशी. आत्मपरीक्षण केल्याशिवाय नेता घडत नाही, असं कुठेतरी वाचलं. रोज दहा मिनिटं, न चुकता.
कंपनीचा वार्षिक सर्व्हे आला. कामात मन रमतं का, सकाळी उत्साह वाटतो का, असले चौदा प्रश्न. एक ते पाच गुण द्यायचे, नाव लिहायचं नाही. टीमला बजावलं की शांतपणे, विचार करून भरा. मी एका मीटिंगमध्ये म्यूटवर असताना भरून टाकला. चाळीस सेकंद. दरवर्षी विचारतात, करत काही नाहीत. शेवटी 'आणखी काही सांगायचं आहे का' असा रकाना होता. त्यात काहीतरी सकारात्मक लिहिलं. काय ते आठवत नाही. झोप येत होती.

बुधवार, ५ फेब्रुवारी. सकाळी ९.०५
काल लिहायचं राहिलं. नऊ मीटिंगा.
रोज नऊला मी टीमला जातीने मेसेज पाठवतो: 'सुप्रभात! आजचा दिवस आपला!' म्हणजे वर्षभराचे एकदम लावून ठेवलेत, आपोआप जातात. पण भावना माझीच. दोन सेकंदांत सात अंगठे येतात. आमचा मौनी, म्हणजे तोंडातून अवाक्षर न काढणारा प्रोग्रामर, वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर रजेवर आहे, तरी पहिला अंगठा त्याचा. याला म्हणतात बांधिलकी.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
मधले दिवस गेले. कुठे ते कॅलेंडर बघून सांगतो.
निकाल आला. माझ्या टीममध्ये सात माणसं आणि उत्तरंही सात. शंभर टक्के! सहा जणांचे गुण तीन-चारच्या आसपास, ठीक. सातव्याने मात्र चौदाच्या चौदा प्रश्नांना एक दिलाय. आणि शेवटच्या रकान्यात लिहिलंय: 'काही बदलणार नाही. मला झोप हवी आहे.'
वाचून धक्का बसला. माझ्या टीममध्ये असा माणूस! त्याला मी एक्का नाव दिलं.
मोठ्या बाईंचा (माझ्या वरच्या साहेब) फोन. म्हणाल्या, हा कोण ते शोधा, त्याचं काय करायचं ते लिहून द्या, शुक्रवार २८ तारखेपर्यंत. असा एक माणूस टीम बुडवतो, आणि टीम बुडाली तर मॅनेजर कशाला हवा, असंही म्हणाल्या. हसून म्हणाल्या. मला हसू आलं नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी. सकाळी
नाश्त्याला बायकोला ते वाक्य वाचून दाखवलं. तिने विचारलं की हे तू कधी लिहिलंस. म्हटलं, मी नाही, एक्क्याने. ती 'काखेत कळसा' असं काहीतरी पुटपुटली आणि कपडे वाळत घालायला गेली. तिला म्हणी फार. संदर्भ लागला नाही.
मुलीने शाळेच्या चित्रात मला काढलंय. सगळे उभे, मी आडवा. मुलांना उंचीचा अंदाज नसतो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
एकेकाला बोलावून चौकशी सुरू.
पहिल्या टेस्टर बाई. सतरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधतायत, नजर करडी. दमल्यात का विचारलं. त्या म्हणाल्या, दमते पण घरी गेल्यावर उतरतं. मग उलट मलाच विचारलं, जेवलात का, वजन उतरलंय तुमचं. विषय बदलण्याची ही जुनी युक्ती. संशयित क्रमांक एक.
मग आबा. वय एकेचाळीस, पण सगळ्यात जुना म्हणून आबा. म्हणाला, आठवड्याला अकरा मीटिंगा असतात, त्यातल्या नऊ तुम्ही बोलावता, म्हणून काम शनिवारी करतो, त्या दिवशी तुम्ही नसता. मीटिंगा कमी करा म्हणाला. म्हटलं, यावर एक मीटिंग घेऊ. त्यावर आबा म्हणाला, उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंटावरचा जागा पाहिजे. कोणाबद्दल बोलत होता, देव जाणे.

बुधवार, १९ फेब्रुवारी
मौनीला बोलावलं. खूश आहेस का? मान हलवली. काही अडचण? नाही. साडेपाचला उठून घरी जातो, रविवारी पोहतो. एवढं समाधान संशयास्पद आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी. संध्याकाळी ६.१५
आज पहिला 'उत्साह तास'. चार ते पाच, सक्तीचा. कॉन्फरन्स रूममध्ये सगळे जमले. मी सुरुवात केली: मन मोकळं करा, मी ऐकतोय. दिवे मंद ठेवले होते, वातावरणनिर्मितीसाठी. मग मी डोळे मिटून एकाग्रतेने ऐकलं.
डोळे उघडले तेव्हा पाच पन्नास. खोलीत कोणी नाही. कोणीतरी एसी कमी केलेला. माझ्या अंगावर टेस्टर बाईंची शाल. दाराला बाहेरून चिठ्ठी चिकटवलेली: 'मीटिंग चालू आहे. आत येऊ नये.'
शिस्त आहे टीमला. उपक्रम यशस्वी.

सोमवार, २४ फेब्रुवारी
पुराव्यावरून एक्का म्हणजे मौनीच. बोलत नाही, कॅमेरा लावत नाही, वाद घालत नाही. ज्याला आस्था असते तो भांडतो.
मोठ्या बाईंसाठी अहवाल लिहिला. दोन पानं, मनापासून. थोडक्यात असा: 'सदर व्यक्ती कामावर असते, पण कामात नसते. बोललेलं ऐकत नाही, ऐकलेलं विसरते. तिला एक महिना सक्तीची रजा द्यावी, लॅपटॉप काढून घ्यावा. काम आबाकडे सोपवावं. सदर व्यक्तीच्या अनुपस्थितीने टीमला फरकही जाणवणार नाही.'
शेवटचं वाक्य जरा कडक झालं, पण खरं आहे. अहवाल पाठवला. नावाची जागा तेवढी रिकामी ठेवली.

गुरुवार, २७ फेब्रुवारी. दुपारी ३.००
बाईंचं उत्तर: अहवाल उत्तम, जसाच्या तसा मंजूर. उद्या पाचपर्यंत नाव भरून द्या.
मौनीला आधी तोंडावर सांगावं, तेवढी माणुसकी माझ्यात आहे. त्याच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, सर्व्हेत जे लिहिलंस त्याचा राग नाही. तो म्हणाला, कोणता सर्व्हे? तो रजेवर होता. परत आला तोवर मुदत संपली होती. त्याने भरलाच नाही.
मग रोजचा अंगठा कसा दिलास? तर म्हणाला, तो प्रोग्राम देतो. सगळ्यांच्या वतीने. दोन वर्षं झाली. दाखवला मला. अकरा ओळी, सुबक, एक अक्षर जास्तीचं नाही. पूर्वी मी असं लिहायचो. एखादी चूक सापडली की जेवायचं विसरायचो, आणि दमायचो नाही. प्रोग्राम बघून खरंच बरं वाटलं. रागवायचं राहून गेलं.

त्याच दिवशी, ४.२०
टीममध्ये सात. मौनीने भरला नाही. राहिले सहा. उत्तरं सात.
दोनदा मोजलं. मग कॅल्क्युलेटरवर.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी. सकाळी ११.००
३ तारखेचं पान वाचलं. आत्मपरीक्षणासाठी रोजनिशी उपयोगी पडते, हे सिद्ध झालं.
गुणांचं स्पष्टीकरण देता येईल. एक म्हणजे पहिला नंबर, अशी माझी समजूत असणार. झोपेच्या वाक्याचं स्पष्टीकरण सापडत नाही. वाक्य चांगलं आहे. नेमकं.
वाईट वाटलं. एक्क्याबद्दल मी काय काय लिहून बसलो होतो.

दुपारी ४.५०
नावाच्या जागी मौनी असं लिहिलं असतं, तर तो बोलला नसता. कोणाला कळलंही नसतं. दहा मिनिटं कर्सर लुकलुकत होता.
माझं लिहिलं.

४.५१
बाईंचा फोन. म्हणाल्या, कोणाचं नाव लिहिता तेवढंच बघायचं होतं. मग विचारलं, घरी कोणी न्यायला येणार आहे का, गाडी चालवत जाऊ नका.

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.००
रजेचा पहिला दिवस. लॅपटॉप जमा केलाय. संकल्प: सहाला उठणे, पोहायला शिकणे, तीन पुस्तकं.
आत्ता उशाशी फोन वाजला म्हणून जाग आली. मेसेज माझाच होता. 'सुप्रभात! आजचा दिवस आपला!' दोन सेकंदांत सात अंगठे. अहवालातलं शेवटचं वाक्य बरोबर होतं.
राहवलं नाही म्हणून मीही एक अंगठा दिला. आठ.
लगेच टेस्टर बाईंचा वेगळा मेसेज: आठवा कुठून आला? झोपा.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणाचा तरी फीडबॅक तत्काळ अमलात आणतोय.