बाऊच्या अंगातलं नुम

४ जून
झालं! धाकट्या बाऊच्या पोटात नुम उकळलं, आजार ओढून काढणारी ती शक्ती. तिसऱ्याच नाचात! मी थोरली, आठ वर्षं ढोलासमोर उभी राहतेय — माझ्या नुसत्या मांड्या दुखतात.

थरथरली, पडली, उठली ती थेट आजाऱ्यांच्या अंगावर हात ठेवत सुटली. खोकून बेजार झालेला खुश्ये आज सकाळी मोंगोंगोच्या झाडाचे टणक दाणे फोडत बसला होता. तिला विचारलं तर म्हणे, काही नाही गं ताई, जरा थरथरले. आमच्यात मिरवायचं नसतंच. भलीमोठी शिकार आणली तरी चार हाडकं मिळाली म्हणायचं. पण तिचं ते ‘काही नाही’ ऐकून माझा तिळपापड झाला.

७ जून
सगळ्यांच्या तोंडी एकच — बापाचं नुम बाऊत उतरलं. बाबांना जाऊन दोन पावसाळे झाले. शेवटी शेवटी त्यांना घास भरवायला मीच लागायचे. हे कुणाला आठवत नाही.

९ जून
न्हाक्सा मावशीकडे गेले. बाऊला तिनेच शिकवलं. म्हटलं, मलाही नुम जागवणारी मुळी दे, माझ्याही पोटात नुमचे बाण सोड. दिल्याने ते थोडंच कमी होतं? ती शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी घासत राहिली. तुझा आवाज चांगला आहे, तू गा, म्हणाली. फारच मागे लागले तेव्हा म्हणाली, बाऊला विचार.

धाकटीची परवानगी काढू?

१० जून
नाही विचारणार.

१५ जून
आज वाईट वागले. उन्हं उतरताना नाच सुरू झाला. बाऊ थरथरायला लागली आणि मी गाणं सोडलं, टाळ्याही सोडल्या. नुम चढलेल्या माणसाला गाणंच परत आणतं, हे मला ठाऊक होतं. मी थांबले तशा शेजारच्या दोघीही अडखळल्या. बाऊ पडली ती उठेना! मावशी तिचं अंग चोळत आमच्यावर ओरडली. मग घाबरून गायले मी. फार वेळाने तिने डोळे उघडले.

ती पडली तेव्हा क्षणभर बरं वाटलं होतं. लाज वाटते, पण वाटलं होतं.

१६ जून
बाऊ अजून झोपूनच आहे. पाणी घेऊन गेले. रागावली नाही. उलट स्वतःच म्हणाली, “मावशीला मीच सांगितलंय, ताईला नुम देऊ नको.”

भांडं तिथेच आपटून आले. सख्खी बहीण म्हणे!

१७ जून
मावशी स्वतः आली. म्हणाली, “नुम उकळलं की मेलेल्यांच्या दारात जावं लागतं. तिथे तुझा बाप उभा असतो. बाऊकडे बघतसुद्धा नाही. दर वेळी तुलाच मागतो — ताईला आण, ती हवी. तू नुम घेऊन तिथे गेलीस तर तो तुला परत सोडायचा नाही. म्हणून बाऊ त्याच्याशी भांडून परत येते. परवाही भांडतच होती, तुम्ही गाणं सोडलंत तेव्हा.”

ऐकून मला आधी आनंद झाला. बाबांना मी हवी आहे! बाऊ आठवली ती त्यानंतर.