दोघींना न घेणारं घर

७ एप्रिल १९४६, कळंब

आलो एकदाच्या! येरमाळ्यापासून मोटारीत हमिदाच्या मांडीवर माझी ट्रंक आणि माझ्या मांडीवर कुणाचं तरी कोंबडं. हमिदा ईट गावची, मी ढोकीची. हैदराबादला सुईणपण शिकताना एकाच खोलीत राहिलो आणि नशिबानं नेमणूकही एकाच दवाखान्यात झाली. आल्या आल्या एका बाळंतिणीला मोकळं केलं. मुलगी झाली, आणि आवाज असा की बाहेर बांधलेले बैल बिचकले. सध्या दवाखान्याच्या ओसरीवर पथाऱ्या टाकल्यात. खोली एकच घेऊ, स्वैपाक आळीपाळीनं. हमिदाच्या आमटीत तिखट फार, तेवढं तिला बजावून ठेवलंय.

१२ एप्रिल

खोल्या आहेत, पण आम्हाला नाहीत. उमाबाईंची माडी छान हवेशीर. त्यांनी चहाही टाकला, मग नावं विचारली. चहा चुलीवरच राहिला. तू एकटी ये म्हणाल्या, हिला हिच्या लोकांत मिळंल की. हिच्या लोकांत रसूलमियाँनी हमिदाला खोली देऊ केली, मला नाही. तुमचं सोवळं-ओवळं, कशाला झंझट म्हणाले. तिसऱ्या दारात एका म्हाताऱ्यानं विचारलं, नवरे न्हाईत, मग घरी पुरुष येत्याल का? हमिदा म्हणाली, "येतात की चाचा, पण नाळेसकट." दार धाडकन लागलं. रस्त्यातच हसून हसून आमची पोटं दुखली. मग ठरवलं, घेऊ तर दोघींनी.

१६ एप्रिल

मिळालं! शरणबसप्पा आडत्यांचं वेशीजवळचं घर, दोन खण, वर मातीचं माळवद, कित्येक वर्षं बंद. ते म्हणाले, जातधर्म मी पुसत न्हाय, पर एकटीनं राहा. दोघींना ते घर घेत न्हाय.

का, ते शेजारच्या सारजाबाईंनी सांगितलं. तिथं दोन सवती नांदायच्या. एका उन्हाळ्यात भर दुपारी थोरलीनं, नागूबाईनं, धाकटीला बाहेर काढून आतून कडी घातली. धाकटी उंबऱ्यावर पाणी पाणी करत गेली. नागूबाई त्याच घरात एकटी म्हातारी होऊन मेली. हमिदा म्हणाली, अर्धं गाव जित्तेपणी तेच करतंय, मेलीला काय भ्यायचं? संध्याकाळी सारवलं, चूल पेटवली. आमटी तिखटच झाली.

२२ एप्रिल

दुपारी दवाखान्यातून आलो तर हमिदाची ट्रंक अंगणात. तिची सुरई, नमाजाची जानमाज, सगळं बाहेर. दाराचं कुलूप तसंच. मी गल्लीत उभी राहून ओरडले, आमचं राहणं ज्याला सोसत नसेल त्यानं समोर यावं! कुणी आलं नाही. सारजाबाईंनी फक्त कपाळाला हात लावला.

२६ एप्रिल

आज सुट्टी. दोघी घरातच होतो, कडी आतून. जेवून डोळा लागला. उठलो तर ट्रंक पुन्हा अंगणात, कडी मात्र घातलेलीच. हमिदाचा चेहरा उतरला. तू राहा, मी रसूलमियाँकडं जाते म्हणाली. मी माझी ट्रंक ओढत नेऊन तिच्या ट्रंकेला चिकटवून ठेवली आणि घराला ऐकू जाईल असं म्हणाले, "टाकायचं तर दोघींचं टाक."

२७ एप्रिल

माझी ट्रंक परत आत आली आहे. लुगड्यांच्या नीट घड्या, उशाशी गार पाण्याचा तांब्या. हमिदाची ट्रंक उन्हात तशीच.

मला ठेवून घ्यायचंय त्या नागूबाईला.

२८ एप्रिल

उठले तेव्हा वेणी घातलेली होती. मी घातली नव्हती. हमिदानंही नाही.

उमाबाई दवाखान्यात येऊन गेल्या. माडी अजून रिकामीच आहे, एकटी आलीस तर... गाव तेच म्हणतं, घर तेच म्हणतं. दोघांनाही उत्तर एकच. न्हाय.

३० एप्रिल, दुपार

हमिदा एका बाळंतपणाला गेलीय. कडी आपोआप लागली, मी हात लावला नव्हता—

दारावर थापा. "पाणी." हमिदा आली. कडी निघत नाही. हाक मारायला गेले तर तोंडावर थंडगार तळवा. आवाज फुटत नाही, म्हणून लिहिते. कानाशी कुणीतरी बोलतंय— उघडायचं न्हाय, बाई. आपुन दोघीच बऱ्या.

वरवंटा घेतला. कडी नाही तर भिंत. मातीचीच तर आहे—

भोक पडलं. हात आत आला. घट्ट धरला.

मनगटात हिरवा चुडा. हमिदा बांगड्या घालत नाही. आणि हमिदाची हाक लांबून येतेय, गल्लीच्या तोंडाशी आहे ती— तारा, दारात कोण बसलंय गं?

हात भाजतोय, वाळलेला, नुसती हाडं. सोडणार नाही. डाव्यानं धरलाय, उजव्यानं हे लिहितेय— मागून ती केस ओढतेय, रडतेय, तिला नगं, तिला नगं—

ऐक नागूबाई. ही धाकटी आत येईल. हमिदा येईल. मीही इथंच आहे. राहायचं तर आमच्यात राहा, न्हायतर तूच—

भिंत ढासळतेय. ऊन आत आलं. डोकं आलं, खांदा अडकलाय— ये बाई, पाणी आहे, ये, जरा वाक, ये—