डाव्या हाताचं होल्स्टर

३ नोव्हेंबर, सोमवार

घड्याळ उजव्या मनगटावर! सोळा वर्षांच्या संसारात यांचं घड्याळ डाव्या मनगटावरून कधी हललं नाही. विचारलं तर म्हणाले, "पट्टा चावतो गं." पट्टा काय डावं-उजवं बघून चावतो?

कुठेतरी पाणी मुरतंय.

५ नोव्हेंबर

आजपासून खोगीरमास्तरांकडे चामड्याचं काम शिकायला जाते. घोड्यांची खोगिरं कधीच बंद झाली, नाव तेवढं राहिलं. आता पट्टे, पिशव्या, पिस्तुलांची होल्स्टरं. घरी सांगितलं की पडद्यांच्या दुकानातलं शिवणकाम सुटलं, हात रिकामे नकोत. खरं कारण इथे लिहिते — हे ज्या कंपनीत पहारेकरी आहेत तिथले सगळेजण पट्टा दुरुस्तीला मास्तरांकडेच येतात. पट्टा हातात येईपर्यंत माणूस दुकानातून हलू शकत नाही, मग बोलत बसतो. कानावर काहीतरी पडेलच!

मास्तर म्हणाले, "पाकीट शिकणार की होल्स्टर?"

मी म्हटलं, "जे शिकवाल ते."

"मग होल्स्टर. पाकिटातली चूक झाकता येते. यात चूक झाली तर पिस्तूल एक तर अडकतं, नाहीतर पडतं."

पहिल्याच दिवशी चामडं कापायची रापी अंगठ्यात घुसली. मास्तरांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "चामडं पुसून घे, डाग पडेल," एवढंच. माझ्या अंगठ्याचं काही नाही!

८ नोव्हेंबर

एका दोऱ्याला दोन सुया. एकीने इकडून जायचं, दुसरीने त्याच भोकातून तिकडून यायचं. आयुष्यभर शिलाई मशीन चालवली, पण इथे बालवाडीत बसल्यासारखं वाटतं. टाके असे वाकडे की मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

यांच्या गालावर कापल्याची खूण. आठवड्यात तिसरी. "ब्लेड खराब आहे." ब्लेड परवा मीच नवं घातलंय! आणि दाढीला अर्धा तास, तोही आतून कडी लावून. पूर्वी पाच मिनिटांत, दार सताड उघडं, वर शीळ.

नणंद आली होती. तिला सांगायला नको होतं, सांगितलं. डोळे मोठे करून म्हणाली, "वहिनी, दादा आणि अर्धा तास आरशासमोर? लग्नाच्या दिवशी नव्हता!" मी हसले. ती गेल्यावर हसू राहिलं नाही.

९ नोव्हेंबर

शर्टाची बटणं लावायलाही आतल्या खोलीत जातात. माझ्यापासून काय लपवायचंय आता?

१२ नोव्हेंबर

लिहू की नको. लिहिते.

यांचा कोट धुवायला काढला. आतल्या खिशात चार घड्या घातलेला कागद. लहान मुलाचं अक्षर — मोठं, वाकडं, ओळ सोडून खाली घसरणारं. पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटलाय. वर यांचं नाव. एकदा नाही, तीस वेळा! मी मोजलं. आणि खाली, "गेट नंबर दोन. सर्व ठीक. गेट नंबर दोन. सर्व ठीक." हे रोज कामावरच्या वहीत लिहितात तेच.

कुठलं पोर यांचं नाव गिरवतंय? कुठलं पोर यांच्यासारखं पहारा-पहारा खेळतंय?

आम्हाला मूल झालं नाही. दोघांनी मिळून तो विषय कधीच मिटवला होता. निदान मला तसं वाटत होतं.

कागद होता तसाच ठेवला. कोट न धुता खुंटीला लावला. दिवसभर रडले नाही, पण चामड्यावर भोकं पाडायची आरी इतकी जोरात मारली की ती खालच्या लाकडात रुतून बसली. मास्तर म्हणाले, "बाई, चामड्याने काय घोडं मारलंय तुझं?"

१३ नोव्हेंबर

विचारणार नाही. विचारलं की माणूस सावध होतो. आधी पुरावा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

माझं पहिलं होल्स्टर झालं! कोमट पाण्यात भिजवलं, मास्तरांचं लाकडी पिस्तूल आत घातलं आणि हाडाच्या पट्टीने दाबत दाबत घोड्याची, नळीची, सगळी वळणं उठवली. चामडं ओलं असताना ऐकतं, वाळलं की जन्मभर तोच आकार धरून बसतं. कडा घासून काचेसारख्या केल्या. टाकेही या वेळी सरळ. मला स्वतःचाच हेवा वाटला.

मास्तरांनी ते कमरेला लावलं आणि खो खो हसायला लागले. असे हसताना मी त्यांना पाहिलंच नव्हतं. "अगं, हे डावखुऱ्याचं झालं! नमुन्याचा पुठ्ठा चामड्याच्या पाठीवर ठेवून आखलास ना? पाठीवर आखायचं तर पुठ्ठा उलटा ठेवावा लागतो. काळजी करू नकोस, पहिलं होल्स्टर सगळ्यांचं असंच होतं. माझंही झालं होतं."

डावखुरं गिऱ्हाईक वर्षातून एखादं. "घरी ने, खिळे ठेवायला होईल," म्हणाले.

१८ नोव्हेंबर

यांनी ते टेबलावर पाहिलं. उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. मी सांगितलं, चुकलंय, डाव्या हाताचं आहे. तर म्हणतात, "मला दे."

"तुम्हाला कशाला?"

"एवढ्या मेहनतीचं वाया कशाला घालवायचं?"

आणि असा चेहरा उजळला! माझ्या कुठल्याच शिवणकामाकडे या माणसाने असं पाहिलेलं नाही. मी शिवलेले पडदे सहा महिने दारावर होते तेव्हा "नवीन का?" विचारलं होतं.

उजव्या हाताच्या माणसाला डाव्या हाताचं होल्स्टर कशाला हवं?

१९ नोव्हेंबर

नणंदेचा फोन. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ती डावखुरी असणार."

"कोण ती?"

"जी असेल ती! पोराची आई."

"अगं पण बाईमाणूस होल्स्टर घेऊन करील काय?"

तिने आवाज खाली आणला. मग, "वहिनी... पोलिसात असेल!"

फोन ठेवला. मूर्खपणा आहे हे कळतं. तरी बाजारात चौकातल्या पोलीसबाईकडे टक लावून पाहत राहिले. ती उजव्या हाताने शिट्टी धरते. मग बरं वाटलं. काय पाळी आली आहे माझ्यावर!

२२ नोव्हेंबर

कुणाला दिलेलं नाही. स्वतःच लावतात! आज कामावर निघाले तेव्हा वाऱ्याने कोट उडाला. डाव्या बाजूला माझं होल्स्टर. रिकामंच, कारण पिस्तूल कंपनीच्या कपाटात जमा असतं. लगेच कोट ओढून घेतला आणि वर खिडकीकडे पाहिलं. मी पडद्याआड.

म्हणजे पोलीसबाई गेली, पण कोडं तिथेच. आणि तो कागद? तो कागद काही वाऱ्याने आलेला नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज कंपनीत गेले. "डबा विसरले" असं सांगून. (डबा मीच पिशवीतून काढून ठेवला होता.)

यांचे साहेब टेबलाशी फायली चाळत होते. गोड बोलून विचारलं, "हल्ली यांच्या कामाच्या वेळा बदलल्यात का हो?" म्हणाले, "छे! घड्याळ लावावं तसा येतो आणि जातो. एक खाडा नाही." म्हणजे कामाच्या वेळेत कुठे जात नाहीत. हायसं वाटलं, आणि वाटलं म्हणूनच जीभ सैल सुटली. म्हटलं, "आणि पिस्तूल डाव्या बाजूला लावायचा नवा नियम झालाय का? हे हल्ली डावीकडे लावतात."

साहेबांनी मान वर केली. "डावीकडे?"

"हो, मीच शिवलंय ना!" वर शेखी मिरवली.

त्यांनी पेन उचललं आणि समोरच्या वहीत काहीतरी लिहिलं. बरं झालं. आता तेच विचारतील, उत्तर आपोआप बाहेर येईल. मला तोंड उघडायला नको. डबा तसाच पिशवीत घेऊन परत आले.

२५ नोव्हेंबर

आज यांची सुट्टी. हे बाहेर गेल्यावर होल्स्टर घेऊन मास्तरांकडे गेले. अत्तराचा वास, एखादा केस, काहीतरी सापडेल म्हणून. वास फक्त चामड्याचा आणि तेलाचा. मी हुंगत होते ते बघून मास्तरांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि खिडकीशी नेलं.

"आठवडाच वापरलंय, पण शेकडो वेळा काढ-घाल केलीय," म्हणाले. मग टिचबटणाभोवती बोट फिरवलं. तिथे बारीक बारीक ओरखडे. नखांचे. "सराईत माणसाचा अंगठा बरोबर एका जागी पडतो. याचा बघ, कुठेही पडतोय. ज्याचं हे आहे तो डावखुरा नाही. डाव्या हाताने शिकतोय. तुझ्यासारखाच नवशिका."

मी स्टुलावर बसले.

घड्याळ. डाव्या हाताने बांधायचं तर ते उजव्या मनगटावरच बांधता येतं. गालावरच्या खुणा. बंद दारामागची बटणं. आणि तो कागद — ते कुठल्या पोराचं अक्षर नव्हतंच! माझाच नवरा, बावन्नाव्या वर्षी, पेन्सिल धरून स्वतःचं नाव गिरवत होता.

मास्तरांनी पाणी दिलं. 

घरी आले. हे आले होते, पाठमोरे बसून जोडे काढत होते. एका हाताने. मी म्हटलं, "अहो, उजवा हात दाखवा."

यांनी दुसरा जोडा काढून ठेवला. मग हात पुढे केला. पहिली दोन बोटं वाकतच नाहीत. मे महिन्यापासून बधिर होत होती, दिवाळीनंतर पार गेली! एकटेच डॉक्टरकडे जाऊन आले. नस दबली आहे, सुटेल किंवा सुटणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू घाबरली असतीस."

"मी घाबरत नाही, मी संशय घेते! ते जास्त वाईट असतं, कळतं का तुम्हाला?"

मग पोराचं, पोलीसबाईचं, सगळं सांगितलं. आधी हे बघतच राहिले. मग हसले, इतके हसले की डोळ्यांतून पाणी. मीही. हात हातात घेतला होता तो सोडला नाही. सोळा वर्षांत एवढा वेळ धरला नसेल.

जानेवारीत नेमबाजीची चाचणी असते. कुठल्या हाताने गोळी मारली ते बघत नाहीत, नेम बघतात. "तोपर्यंत हात बसवतो," म्हणाले. "फक्त तोपर्यंत साहेबाला कळता कामा नये. कळलं की त्याच दिवशी घरी. गेटवरच्या जोडीदाराला तेवढं माहीत आहे. तो माझ्या वाटचं सांभाळून घेतो, वहीही तोच लिहितो. जिवाला जीव देणारा माणूस आहे."

साहेबांनी वहीत लिहिलेलं आठवलं.

साहेबांकडे गेले होते ते सांगितलं नाही. एवढं सगळं सांगितलं आणि नेमकं तेच नाही. काल डबा घरीच राहिला असं हे समजतात, म्हणजे साहेब काही बोलले नसावेत.

२६ नोव्हेंबर

साहेबांना शंभर कामं. लिहिलं ते दुसरंच काही असेल. विसरलेही असतील.

२८ नोव्हेंबर

मास्तरांचं लाकडी पिस्तूल मागून आणलं. संध्याकाळी जेवणाआधी सराव. मी ताटली वाजवते, हे काढतात. पन्नास वेळा. आज तेरा वेळा अंगठा बरोबर जागी पडला. टिचबटण घट्ट होतं, ते काढून चामड्याची जीभ थोडी लांब शिवली. आता अंगठा आपोआप तिच्याखाली जातो. हे म्हणाले, "तुझी चूक झाली नसती तर मी कुठून शिवून घेतलं असतं हे? कुणाला सांगणार होतो?"

असं बोलतात आणि मला आत कसं होतं ते यांना कळत नाही.

३० नोव्हेंबर

पन्नासात बत्तीस. आजही सांगितलं नाही. उद्या सांगते. रागावतील, पण सावध तरी होतील.

१ डिसेंबर

पन्नासात अडतीस! इतके खूश होते की माझ्याच्याने सांगवलं नाही.

२ डिसेंबर

दुपारीच घरी आले. कमरेला नुसता पट्टा.

साहेबांनी सकाळी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि यांनाच पुढे बोलावून उजव्या हाताने पिस्तूल काढायला सांगितलं. ते फरशीवर पडलं. कुणी हसलं नाही म्हणाले, हसले असते तर बरं झालं असतं. गणवेश परवापर्यंत परत द्यायचा आहे.

"जोडीदाराशिवाय कुणाला माहीत होतं?" एवढंच पुन्हा पुन्हा. "बारा वर्षं एका गेटवर उभे राहिलो आम्ही." पाण्याला हात लावला नाही. जोडेही काढले नाहीत, तसेच उठले. त्याच्या घरी निघाले, त्याच्या बायकोमुलांसमोर त्याला विचारायला.

मी दारात आडवी झाले. "अहो—" एवढंच निघालं तोंडातून.

यांनी तो वाकत नसलेला हात माझ्या खांद्यावर ठेवला. "तू तरी माझ्या बाजूची आहेस," म्हणाले, आणि मला हळूच बाजूला करून जिना उतरून गेले.