नमुन्याचं शीड

रविवार संध्याकाळ, तोरणमाळ

शेवटी आज ते शीड पाण्यात उतरवलं. गोव्याच्या कारागिराने विंडसर्फिंगसाठी नमुना म्हणून शिवलेलं, मला निम्म्या किमतीत दिलेलं. समुद्राच्या वाऱ्यात त्याचा फुगवटा जास्त ठरला म्हणे. तो फुगवटा आठवडाभर डोक्यातून जात नव्हता. फसले तर नाही ना?

शेजारची वंदनाताई तलावाच्या काठावरून म्हणाली, "हाई फाटी गयं ते?"

"फाटलं तर पोहत येईन," मी म्हटलं.

पहिल्यांदा पडले. दुसऱ्यांदाही. मग लक्षात आलं, गोव्यात शिकले तशी मी मागे रेलून जोर लावतेय, आणि इथला वारा तर मऊ. हात सैल सोडले. शिडाने होता तेवढा वारा पोटात घेतला आणि फळी सुटली ती थेट पलीकडच्या काठाला. तिथे नको झालेला फुगवटा इथे हवाच होता. हे नशीब म्हणायचं? नाही. इथला वारा मला माहीत होता, म्हणून तर घेतलं.

परत आले तर ताई साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभी. काठावर माणसं बघत होती, तिने तिकडे पाहिलंही नाही.

"आते माले शिकाड," ती म्हणाली.