बिनराखणीची मेंढरं

वेल्स,
२४ जून १९७७

प्रिय म्हाळसा,

राणीचं तिकीट चिकटवलेलं हे पाकीट वाण्याच्या दुकानात येऊन पडलं असेल, निम्मं गाव ते हातात घेऊन बघून गेलं असेल, आणि मग कुठं ते तुझ्यापर्यंत पोचलं असेल. सावकाश वाच. चौथीपर्यंत शिकलीस ती काय उगाच? निघताना आपण एकमेकांशी धड बोललोसुद्धा नाही. मी सोलापूरच्या खोलीला कुलूप घालून मुंबईची गाडी धरली आणि आबांच्या माघारी तू राखतेस त्या मेंढरांपाशी सांगोल्याकडं परत गेलीस. 'मी परत येईपर्यंत मेंढरं विकलेली पाहिजेत आणि स्टेशनावर तू मला दिसली पाहिजेस,' असं मी मास्तरकीच्या आवाजात सांगितलं, आणि तू म्हणालीस, 'तुमी खुशाल जावा कविता शिकाय. मेंढरं म्या इकू देणार न्हाय.' विमानात सगळी वाट तेच वाक्य कानात होतं. आधी राग आला, मग झोप आली.

इथलं काय सांगू? डोंगराच्या पायथ्याला एक दगडी घर आहे, त्यात आम्ही आठ जण, आठ देशांतले. शिकवणाऱ्या बाई म्हाताऱ्या आहेत, पण रोज सकाळी थंड पाण्यात पोहून येतात. माझं इंग्रजी हेडमास्तरांना रजेचा अर्ज लिहिण्यापुरतं, त्यामुळं सगळे बोलतात तेव्हा मी मान हलवतो आणि मान हलवतो म्हणून सगळ्यांना वाटतं, हा फार खोल माणूस आहे. जेवायला उकडलेला बटाटा आणि पाव. तू रागारागानं का होईना बांधून दिलेल्या कडक भाकऱ्या चार दिवस पुरवून खाल्ल्या. शेवटचा तुकडा दाताखाली फुटला तेव्हा, खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

आणि गवत! अगं, तुला खरं वाटणार नाही. घराच्या उंबऱ्यापासून थेट डोंगराच्या माथ्यापर्यंत नुसतं गवत, ओलं, मऊ, पोटरीएवढं. बहात्तरच्या दुष्काळात आबा मूठभर पाल्यासाठी बाभळीवर चढायचे, ते आठवलं. इथं दिवस मावळतच नाही लवकर. जेवणं झाली तरी ऊन असतं, आणि तेही आपल्यासारखं भाजणारं नव्हे. पाण्यात हळद कालवावी तसं पातळ, पिवळं. त्या उजेडात मी खिडकीशी बसतो, बसल्या बसल्या डोळा लागतो, आणि दर वेळी तूच दिसतेस. लुगडं वर खोचलंय, खांद्यावर काठी, पुढं चाललीयेस, आणि मागं वळून बघत नाहीस. मी हाक मारतो तर तोंडातून इंग्रजी येतं. जागा होतो तेव्हा बाहेर अजून तेवढाच उजेड असतो. दिवस कुठला, स्वप्न कुठलं, काही कळत नाही बघ.

बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आपापल्या घरावर कविता लिहा. बाकीच्यांनी पानंच्या पानं भरली. मी सोलापूरची खोली आठवत बसलो. चुलीची भिंत, नळाची रांग, गिरणीचा भोंगा, आणि दारात बसून शून्यात बघणारी तू. आपल्याला मूलबाळ नाही, शेजारणी तेलुगूत बोलायच्या, मी शाळेत. 'हितं म्या कुणासंगं बोलू? भोंग्यासंगं?' असं तू एकदा विचारलं होतंस आणि मी हसलो होतो. ओळ काही सुचेना. कागद कोरा तो कोराच.

मग परवाची गंमत झाली. गंमत कसली, फजितीच. दुपारी एकटाच डोंगरावर गेलो होतो. एकाएकी धुकं उतरलं, इतकं की स्वतःचे पाय दिसेनात. चालता चालता पुढं काहीतरी हललं. मेंढरं! आपली काळी असतात, ही पांढरी, पाठीवर निळ्या रंगाचा पट्टा ओढलेला. पन्नासेक असतील. मी धनी शोधला, हाका मारल्या. कुत्रं नाही, माणूस नाही. आपल्याकडं माणसावाचून मेंढरं दिसली म्हणजे कुणाचा तरी घात झालेला असतो, किंवा आता होणार असतो. कोट, टाय, कविता, सगळं विसरलो. जिभेनं टकटक केलं, 'हर्रऽ, हर्रऽ' केलं, आबांसारखी शीळ घातली. आधी बुजली, मग चालायला लागली. एक लंगडं कोकरू उचलून काखेत घेतलं आणि तो सगळा कळप हाकत खाली आणला, थेट आमच्या अंगणात! आत कवितावाचन चाललेलं. बाहेर मेंढरांनी बाईंची गुलाबाची झाडं साफ केली.

तासाभरात जीप घेऊन मेंढरांचा म्हातारा धनी आला, तोंड लालबुंद. तेव्हा कळलं, इथं उन्हाळाभर मेंढरं डोंगरावर सोडूनच देतात. लांडगा नाही, चोर नाही, राखण कशाला हवी? मी मेंढरं वाचवली नव्हती, पळवून आणली होती! मला वाटलं, आता पोलीस. पण माझ्या काखेतलं कोकरू बघितलं आणि त्याचा राग उतरला. आम्ही दोघांनी मिळून कळप परत वर नेला. वाटेत त्यानं विचारलं, हे कुठं शिकलास? म्हटलं, वडिलांकडं. आता आबा नाहीत, तेही सांगितलं. मग तुमची मेंढरं कोण राखतं, तो म्हणाला. मी म्हणालो, माझी बायको. म्हाळसा, आजवर शाळेत कुणी विचारलं तर मी सांगत असे, मंडळी गावी असतात. परवा पहिल्यांदा नीट सांगितलं, आणि सांगताना छाती भरून आली. तो म्हातारा म्हणाला, आज कुठं असेल ती? पेरणीआधी खतासाठी लोक आपापल्या रानात मेंढरं बसवून घेतात, चार दिवस इथं, चार दिवस तिथं. ते मला ठाऊक आहे. पण आज तू कुणाच्या रानात आहेस, हे मला, तुझ्या नवऱ्याला, ठाऊक नव्हतं. डोंगरावर उभ्या उभ्या फार एकटं वाटलं.

उद्या त्या घरावरच्या कविता सगळ्यांनी वाचायच्या आहेत. माझी झाली नाही, आणि त्याचं मला काही वाटतही नाही. हे पत्र मात्र आजच टाकायला हवं, म्हणजे मी पोचायच्या आधी तुला मिळेल. तू स्टेशनावर येऊ नकोस. मेंढरं विकू नकोस. कुणी व्यापारी माझं नाव सांगत आला तर तुझ्या सोबतीला असणाऱ्या गड्याला, धुळाप्पाला, सांगून त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. माझी नोकरी सोलापुरात आहे, ती काही सुटणार नाही. खोलीवरचा स्वयंपाक मी शिकेन. बटाटा तर उकडता येतोच आता. पण दर शनिवारी शाळा सुटली की मी सांगोल्याची एस.टी. धरणार आहे आणि सोमवारी पहाटे परत फिरणार आहे. तुझी हरकत असेल तर तसं कळव. नसेल तर एवढंच कर, वाण्याकडं दर गुरुवारी निरोप ठेवत जा, या शनिवारी मेंढरं कुणाच्या रानात बसली आहेत. मी विचारत विचारत येईन.

तुझाच,
कुंडलिक